सत्तेचाळीस नंबरचा मेंदू

३ जून

आज जेवताना सूनबाई वैतागलेली होती. तिच्या संशोधनाला विसरायला लागलेली माणसं हवी तितकी मिळतात, पण त्यांच्याशी ताडून बघायला धडधाकट डोक्याची म्हातारी माणसं मिळत नाहीत.

"अल्झायमर झालेल्यांना त्यांची मुलं हाताला धरून आणतात हो बाबा. ज्यांना काही झालेलं नाही, ते म्हणतात आम्ही कशाला त्या स्कॅनच्या नळीत झोपू?"

"त्यांना खायला काहीतरी चांगलं ठेवा," चिरंजीव म्हणाले. सूनबाईने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो मुकाट्याने भात कालवायला लागला. लग्नाने माझ्या मुलाला हे एवढं एक शहाणपण दिलं, बाकी वाट बघतो आहे.

मी मात्र मनात हिशेब जमवला. धडधाकट डोक्याचा म्हातारा घरातच बसलेला असताना ही पोर गावभर का शोधते आहे? सगळी नोकरी बसच्या वेळापत्रक विभागात काढली. कुठली गाडी किती वाजता कुठे असेल, हे कागद न बघता सांगायचो. असं डोकं घरात पडून राहणं बरं नाही.

सूनबाईला सांगायचं नाही असं ठरवलं. तिला नावं कळतच नाहीत म्हणे, फक्त नंबर दिसतात. तिने मोजताना कुणाची बाजू घेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. शिवाय ती माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे तिथे कुणाला संशय यायचा नाही. सगळं झाल्यावर सांगेन आणि तिचं तोंड बघेन. फक्त हिला सांगितलं. ही म्हणाली, "कशाला उगाच?" हिचं सगळ्यालाच कशाला उगाच असतं.

११ जून

जाऊन आलो. तपासणी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आहे, भिंती पांढऱ्या आणि गारठा असा की जूनमध्ये स्वेटर आठवावा.

आधी एका मुलीने शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. एक निसटला, पण तो मला मुळातच आवडला नव्हता. मग म्हणाली, "आजोबा, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." मला! या शहराला ज्याने वेळेवर आणलं त्याला! मी घड्याळ काढलं, वर सेकंदकाटाही काढला. ती हसली. हिला दुसऱ्या खोलीत नेऊन माझ्याबद्दल प्रश्न विचारले. बराच वेळ लागला.

"काय विचारलं?"

"काही नाही हो. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं."

ते सांगायला इतका वेळ कशाला, हे मी विचारलं नाही. ही बोलायला लागली की लांबतंच.

मला नंबर मिळाला सत्तेचाळीस. काय योग म्हणायचा! सत्तेचाळीस म्हणजे माझी सगळ्यात अवघड लाइन. वाटेत रेल्वेचं फाटक, बाजार, दोन शाळा, आणि शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायला जेमतेम जागा. या लाइनीने तीन साहेबांना रडवलं. मी तिला सरळ केलं.

घड्याळ, पट्टा, चष्मा काढून घेतला. कानात बोळे, डोक्याभोवती पिंजरा, आणि आत सरकवलं. यंत्र असं ठोकतं की शेजारी कुणी फरशा बसवतंय. आधी मेंदूचे फोटो झाले. मग आतल्या स्पीकरवर मशीनवरच्या मुलीचा आवाज आला, "आता काही करायचं नाही. डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडे बघा. मुद्दाम कसलाही विचार करू नका. नुसतं पडून राहा."

आता हे काय? सुनेच्या कामाला आलेला माणूस, तो काय नुसता ओंडक्यासारखा पडणार? ते बरं दिसलं असतं का? मी मनातल्या मनात सत्तेचाळीस नंबरची लाइन सुरू केली. पहिली गाडी सोडली. बाजारात अडकली, तिच्या मागची थांबवली. फाटक पडलं, दोन गाड्या मागच्या रस्त्याने वळवल्या. चालकांची जेवणाची सुट्टीसुद्धा चुकू दिली नाही. यंत्र ठोकत होतं आणि मी गाड्या सोडत होतो. एकही खोळंबली नाही.

"छान आजोबा, अजिबात हलला नाहीत," मुलगी म्हणाली. घरी येताना मी बसमध्ये मान ताठ करून बसलो होतो.

२५ जून

हिचं काही खरं नाही. मी बाहेर पडलो की हिचा फोन आलाच. "कुठे आहात? स्टॉपच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा बघू." अगं बाई, त्या पाट्यांवरची नावं मी ठरवली आहेत!

परवा मी दोन स्टॉप आधी उतरलो, त्याचा हिने केवढा बाऊ केला. शेजारच्या गृहस्थांशी बोलण्याच्या नादात उतरलो, बाकी काही नाही. "कोण होते?" म्हणे. आता बसमधल्या माणसाची मी कुंडली मागू का?

आणि स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर, खणांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. साखर. चहा. पंख्याचं बटण. विचारलं तर म्हणाली, "मला हल्ली विसरायला होतं हो." मला काळजी वाटायला लागली आहे. सूनबाईला तिच्या अभ्यासासाठी दुसऱ्या गटातही माणसं लागतात. हिला कसं सुचवावं, कळत नाही.

१९ जुलै

आजचा दिवस सोन्याचा.

सूनबाई आली तीच उड्या मारत. जेवणाची ताटं बाजूला सारून तिने लॅपटॉप मांडला. "हे बघा बाबा. निरोगी गटातला सत्तेचाळीस नंबर."

मी खुर्ची पुढे ओढली. माणूस ओळखू येऊ नये म्हणून चेहरा काढून टाकलेला असतो, त्यामुळे नुसता मेंदूच दिसत होता. राखाडी, अक्रोडासारखा. मी टक लावून बघत होतो. माणसाला स्वतःचा मेंदू जेवणाच्या टेबलावर बघायला मिळतो कधी?

"हा हिप्पोकॅम्पस. इथे खोल, कानाच्या आतल्या बाजूला. नवी आठवण आधी इथे बसते. या माणसाचा दोन्ही बाजूंनी आकसलाय, थेट पेशंटांसारखा. वरचा थरही इथे पातळ झालाय. आणि तरी चाचण्यांत माणूस पास! कसं काय?" तिने दुसरं चित्र काढलं. त्यात रंगीत रेघांचं जाळं होतं. "माणूस नुसता पडून असतो तेव्हाही मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. कुठले भाग एका तालात चालतात त्यावरून त्यांच्यातल्या वाटा कळतात. अल्झायमरमध्ये या वाटा मंदावतात. यांच्या बघा, जागा ओळखायच्या, आखणी करायच्या वाटा कशा लखलखताहेत! तरण्याताठ्यांच्यातसुद्धा मी असं बघितलेलं नाही. एक रस्ता खचला, तर मेंदूने स्वतःहून दुसरा काढला!"

"गाडी वळवली," मी म्हणालो.

"अगदी बरोबर बाबा! हेच वाक्य मी वापरणार."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जीभ चावून गप्प बसलो. आकसलंय म्हणाली ते काही मोठंसं नाही. आमचा विभागही एका खोलीत होता, पण अख्ख्या शहराच्या गाड्या तिथून चालायच्या.

सूनबाई म्हणाली, "आमच्या थोरल्या डॉक्टरांना कळवलंय. ते त्या गृहस्थांना बोलावून घेतील. मला नाव कळत नाही आणि कळायलाही नको." ही पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. पाणी शेवटी चिरंजीवांनी आणलं.

२२ जुलै

हॉस्पिटलमधून फोन आला. थोरले डॉक्टर भेटू इच्छितात, घरातल्या कुणाला तरी बरोबर आणा. आता बरोबर आणा म्हणजे काय ते उघड आहे. असा मेंदू सापडल्यावर चार शब्द चांगले बोलायचे असणार. मी निळा शर्ट इस्त्री करून ठेवला.

"साधाच घाला," ही म्हणाली. हिला प्रसंग कळत नाहीत.

२४ जुलै

सत्कार नव्हता.

थोरले डॉक्टर चांगला माणूस आहे. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. सुरुवात दिसते आहे म्हणाले. आणखी तपासण्या करू, औषधं आहेत, घाई नाही. मी विचारलं, "आणि त्या वाटा?" ते म्हणाले, "तीच आशेची गोष्ट आहे. आमच्या मॅडमना त्यात फार महत्त्वाचं काही दिसलंय." ती मॅडम माझी सून आहे हे त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर ही म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले हो. त्यांनी विचारलं, हे रस्ता चुकतात का. मी म्हटलं, यांनीच तर रस्ते लावून दिलेत, हे कसे चुकतील?"

मग चिठ्ठ्या. मग फोन. सगळं एकदम उलगडलं. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग हिचा हात धरून बसलो. मी घाबरलो आहे. हे इथे लिहितो, तोंडाने कुणाला बोलणार नाही.

३ ऑगस्ट

सूनबाईला मोठ्या परिषदेत व्याख्यान मिळालं. चिरंजीव फुलं घेऊन आले, चक्क न सांगता. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला मोरीत जावं लागलं. व्याख्यान अख्खं सत्तेचाळीस नंबरवर आहे.

"गंमत काय आहे बाबा, हा माणूस नुसता पडला होता. काही न करता! आणि तरी मेंदू इतका कामात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस नुसता पडला नव्हता. हा माणूस बसगाड्या सोडत होता. तिला लखलखताना दिसलं ते काही मेंदूने नवीन बांधलेलं नाही, ते माझे जुनेच रस्ते, आणि त्यावरची वाहतूक मी मुद्दाम सोडलेली. मला विश्रांती घ्यायला सांगितली होती, मी ड्यूटी केली.

सांगावं, तर व्याख्यान कोसळतं. वर तो आकसलेला मेंदू कुणाचा ते सूनबाईला कळतं. आणि डॉक्टरांनी दिलेली एकुलती एक चांगली बातमीही माझ्या हातून जाते. न सांगावं, तर कुणालाही कधी कळणार नाही. मीही विसरून जाईन, आता त्याचीही सोय झालेली आहे.

आमच्या विभागात एक साहेब होता. स्टॉपवर लावलेला तक्ता चुकला आहे हे कळूनही त्याने तो तसाच ठेवला, कारण वरच्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. लोक उन्हात उभे राहायचे, नसलेल्या गाडीची वाट बघत. त्या माणसाशी मी निवृत्तीपर्यंत धड बोललो नाही.

६ ऑगस्ट

सकाळी सांगून टाकलं. ती निघायच्या गडबडीत होती, एक चप्पल पायात, एक हातात.

"सूनबाई, तो सत्तेचाळीस नंबर नुसता पडून नव्हता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"गाड्या सोडत होता. फाटक पडलं तेव्हा दोन मागच्या रस्त्याने वळवल्या."

ती हसली. मला वेड लागलंय असं वाटलं असेल. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि तिचं हसू गेलं. हातातली चप्पल खाली पडली.

"बाबा! विश्रांती म्हणजे विश्रांती! फुलीकडे बघायला सांगितलं होतं ना? फक्त बघायचं होतं! एवढंसं काम!" पोर अक्षरशः ओरडली. मला बरं वाटलं. ती आधी डॉक्टरीण म्हणून चिडली, सून म्हणून रडली ती नंतर. काम असं करायचं असतं.

मग ती तिथेच जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्याला कपाळ टेकून. "मी जेवताना दाखवलं हो तुम्हाला. आकसलाय म्हणून उड्या मारत सांगितलं."

"तुला काय माहीत? आणि मी तुझ्या व्याख्यानाचं वाटोळं केलं ते?"

"गप्प बसा," ती म्हणाली. सासऱ्याला गप्प बसा म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. मी बसलो. ही दारात उभी होती. चिरंजीव आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पोरगा मुखदुर्बळ आहे, पण हात उबदार आहे.

२९ ऑगस्ट

सूनबाईने त्याच दिवशी वरिष्ठांना सगळं सांगितलं, सासरा असल्याचंही. माझ्या मोजण्या दुसऱ्या माणसाने नव्याने केल्या. मला निरोगी गटातून काढून दुसऱ्या गटात घातलं. बदली झाली म्हणायची. नाराज आहे, पण हुकूम बरोबर आहे.

पुन्हा यंत्रात गेलो. या वेळी खरोखर काही केलं नाही. केवढं कठीण काम! एक गाडी सारखी डोकं वर काढत होती, तिला डेपोत परत पाठवलं आणि फुलीकडे बघत राहिलो. चित्र आलं. लखलखाट नाही. वाटा मंद आहेत, काही ठिकाणी तुटक. सूनबाईने स्वतः दाखवलं, काही लपवलं नाही. मी विचारलं, "एवढंच उरलंय?" ती म्हणाली, "अजून पुष्कळ आहे बाबा." मी चित्र पुन्हा बघितलं. तसं पुष्कळ आहे.

पण खरी मजा पुढेच. तिच्या मनात आलं, सत्तेचाळीसने असं केलं, तर बाकीच्यांनी काय केलं? सगळ्यांना फोन करून विचारलं. एका बाईंनी आठवड्याचा स्वयंपाक उरकला होता. एका निवृत्त न्यायाधीशांनी धाकट्या भावाशी भांडण करून ते जिंकलंही होतं. एक आजोबा यंत्राचे ठोके मोजत होते. एक चक्क झोपले होते आणि शपथेवर नाही म्हणत होते. नुसती पडलेली माणसं फार थोडी. सूनबाई हे सांगताना हसून हसून लाल झाली.

आता यंत्रातून बाहेर आल्या आल्या प्रत्येकाला विचारतात, डोक्यात काय चाललं होतं? मग ते धरून मोजतात. व्याख्यान आता यावरच आहे. तिचे वरिष्ठ म्हणाले, "आधीचं डोळे दिपवणारं होतं, हे टिकणारं आहे."

१४ सप्टेंबर

परिषद झाली. आम्ही तिघं मागच्या रांगेत होतो. सूनबाई व्यासपीठावर उभी राहिली, आणि तो एवढा मोठा हॉलही मला लहान वाटायला लागला. काय बोलली! एक शब्द अडला नाही. सत्तेचाळीस नंबरची दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली, एक काम करतानाचं, एक खऱ्या विश्रांतीचं. म्हणाली, "मी पहिलं चित्र बघून चुकीचा निष्कर्ष काढला होता. त्या व्यक्तीने स्वतःहून सांगितलं म्हणून चूक कळली." चुकले म्हणताना तिचा आवाज जराही खाली आला नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, मोठे कोणीतरी असावेत. "ज्याचा हिप्पोकॅम्पस या अवस्थेत आहे, त्याने आठवून सांगितलेल्या गोष्टीवर तुम्ही एवढी इमारत उभी केलीत? त्याच्या शब्दाला काय किंमत?"

मी कोण हे तिला सांगता येत नाही, तो नियमच आहे. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिने हातातले कागद एकदा उलटले, पुन्हा उलटले.

मी उठलो. "सत्तेचाळीस नंबर मी," म्हणालो. "माझ्या शब्दाची किंमत मला विचारा."

इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढचं आता लिहायला बसलो तर हाताला लागत नाही. म्हणून हिला शेजारी बसवून, विचारून लिहितो आहे.

ही सांगते की मी त्या गृहस्थांना म्हणालो, आज सकाळी काय खाल्लं ते मला विचारू नका. पण कामात चूक केली तर ती कबूल करायची, हे मी आठवून करत नाही. लोक हसले, ते गृहस्थही हसले आणि खाली बसले.

मग म्हणालो, मी दरवर्षी त्या यंत्रात जाणार आहे. एक वर्ष असं येईल की मी नको म्हणेन, घाबरेन, हे काय आहे ते मला कळणार नाही. तेव्हाचं मनावर घेऊ नका. आज मी शुद्धीवर आहे आणि आज मी हो म्हणतो आहे. माझे रस्ते कसे कसे बंद होत जातात ते शेवटपर्यंत मोजा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि शेवटी, ही म्हणते, मी व्यासपीठाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "ही बाई माझी सून आहे. तिचं नाव मी विसरणार आहे. तुम्ही लक्षात ठेवा."

ही म्हणते, सगळे उभे राहिले होते. सूनबाई व्यासपीठावरून तशीच खाली उतरून आली म्हणे. असेल. चांगलं बोललो.